पुराच्या वेळी घरच्यांना बाहेर काढायला भरवशाची गाडी कुठली?

संगमाखालचा

नमस्कार मंडळी. गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या खालच्या अंगाला. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे नदीचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दारातनं बाहेर पडलं, की बाकीचं जग स्नानाला येतं आणि आमच्याकडे धान्याची पोती माळ्यावर चढायला लागतात. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही पूर या घराने बघितलेत.

घरात आई, वडील (पॅरालिसिसमुळे अंथरुणावर, उजवी बाजू पूर्ण गेलेली), बायको, दोन पोरं, धाकटा भाऊ, तीन म्हशी आणि एक रेडकू. सध्या दारात एक हॅचबॅक आणि एक मोटरसायकल. हॅचबॅकमध्ये वडिलांना बसवणं म्हणजे दोन माणसांचं काम आणि बसले तरी अर्ध्या तासात कलंडतात. बजेट ८-९ लाख, सेकंडहँड चालेल. भाऊ यूट्यूबवर थार ओढ्यातनं जाताना बघतो आणि थारच घेऊ म्हणून मागे लागलाय. फोर बाय फोर लागतेच का? डिझेल की पेट्रोल? पुरात कुठली गाडी दगा देत नाही? ज्यांनी खरोखर पूर बघितलाय त्यांनी सांगावं.

डोंगरवाट

भाऊ बरोबर बोलतोय की! थारला २२६ मिमी ग्राउंड क्लिअरन्स आणि कंपनी ६५० मिमी पाण्यातनं जाते म्हणून सांगते. गुरखा तर स्नॉर्कल घेऊनच येते, ७०० मिमी. जिम्नीचा क्लिअरन्स २१० आहे पण वजनाला हलकी. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरतो आम्ही, चिखलात फोर बाय फोरला पर्याय नाही. तुमच्या बजेटमध्ये तीन-चार वर्षं वापरलेली थार शोधा.

नाना_गॅरेजवाले

डोंगरवाट, आकडे बरोबर आहेत पण ते कसले आहेत हे पण सांगायला पाहिजे. ६५० मिमी हे साचलेल्या पाण्याचं माप आहे, खाली पक्की जमीन असताना, हळू चालवताना. पुराचं पाणी वाहतं असतं. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी तरंगवतं आणि दोन फूट पाणी बहुतेक सगळ्या गाड्या उचलतं, मग ती फोर बाय फोर असो की काही असो. चाक जमिनीला टेकलंच नाही तर चारी चाकांना ताकद देऊन करणार काय?

स्नॉर्कलचंही तसंच. तो फक्त इंजिनला हवा वरून देतो, गाडी वाहून जायची थांबवत नाही. बऱ्याच गाड्यांचं हवा ओढायचं तोंड ग्रिलच्या मागे साधारण हेडलाइटच्या उंचीला असतं. तिथनं पाणी आत गेलं की सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो, हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली की लोक घाबरून परत परत स्टार्टर मारतात, खरं नुकसान तिथे होतं. बंद पडली तर चावी काढा, माणसं काढा, गाडी सोडा. पाणी उतरल्यावर बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि टो करून आणायची. ऑइलची डिपस्टिक काढून बघितली आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर समजायचं पाणी आत गेलंय.

शिरोळचे_अण्णा

अहो गाड्या कसल्या बघताय, आमच्याकडं पुरात एकच गाडी, ट्रॅक्टर! मागचं चाक साडेचार फुटाच्या आसपास, सायलेन्सर वर, हवेचा फिल्टर बॉनेटच्या वर, आणि शेतीच्या वजनासाठी टायरात पाणी भरलेलं असतंय त्यामुळं बूड जड. २०१९ ला आमच्या गल्लीतली निम्मी माणसं ट्रॅक्टर-ट्रॉलीतनंच निघाली. ट्रॉलीत खाली उसाचा पाला, त्यावर सतरंजी, त्यावर म्हातारी माणसं, वरनं ताडपत्री.

वाशिष्ठीकाठ

चिपळूणहून लिहितेय. इथलं सगळं वाचून एक सांगावंसं वाटतं की तुमचा पूर आणि आमचा पूर वेगळा आहे. तुमच्याकडे पाणी फूट-फूट चढतं, आकडे येतात, दोन दिवस मिळतात. २२ जुलै २०२१ ला आमच्याकडे पहाटे जाग आली तेव्हा जिन्याच्या खालच्या पायऱ्या गेल्या होत्या, गाडीची चावी हातात घेऊन काय करणार होतो? बाजारपेठेतल्या गाड्या एकमेकांवर चढल्या होत्या. एसटी डेपोतल्या गाड्या बुडाल्या, आगारातले साहेब कॅश घेऊन एसटीच्या टपावर तासन्‌तास बसून होते, हे तेव्हा पेपरात सगळ्यांनी वाचलंय. आमच्यासारख्या ठिकाणी गाडीपेक्षा वरचा मजला, तिथे ठेवलेलं पाणी, गॅसची छोटी शेगडी आणि दोरखंड हे कामाला येतं. गाडी घ्या जरूर, पण ती आदल्या संध्याकाळी वापरायची वस्तू आहे.

मुक्ताई

+१ वाशिष्ठीकाठ. आदल्या संध्याकाळी, हे मोठ्या अक्षरात लिहा कुणीतरी.

नाना_गॅरेजवाले

अण्णा, ट्रॅक्टरबद्दल आदर आहेच, पण ट्रॉली वाहत्या पाण्यात घालू नका हो. ट्रॅक्टर जड असतो पण ट्रॉलीची बाजू म्हणजे सपाट भिंत, पाण्याचा रेटा पूर्ण तिच्यावर येतो आणि ट्रॉली वळली की ट्रॅक्टरला घेऊन जाते. गल्लीत साचलेल्या पाण्यात ठीक. ओढा आडवा वाहत असेल किंवा फरशीवरून (ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी चाललं असेल तर नको म्हणजे नको.

शिरोळचे_अण्णा

ते खरं आहे. आमच्यात जुनी माणसं पुढं काठी घेऊन चालतात आणि मागनं ट्रॅक्टर येतो. रस्त्याकडंच्या विहिरी पाण्याखाली गेल्यावर रस्ता कुठला आणि विहीर कुठली कळत नाही. बाहेरनं आलेला ड्रायव्हर असला तर शेजारी गावातला माणूस बसवायचाच.

दादरकर

२६ जुलै २००५ ला मी कलिना भागात होतो. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्या दिवशी काही माणसं बंद गाडीत अडकून गेली, काचा बंद, सेंट्रल लॉक, बाहेर पाण्याचा दाब. म्हणून गाडी कुठलीही घ्या, पण काच फोडायची हातोडी ड्रायव्हरच्या हाताला लागेल अशी ठेवा, डिकीत नको. पुढची काच फुटत नाही, तिच्यात मध्ये प्लास्टिकचा थर असतो. बाजूची काच, कोपऱ्यात मारायची, मध्यभागी नाही. पाणी दाराच्या खालच्या कडेला आलं की लगेच पट्टा सोडायचा, काचा खाली घ्यायच्या, पॉवर विंडो थोडा वेळ चालते तेवढ्यात. दार उघडायच्या मागे लागू नका, बाहेरच्या दाबाने ते उघडत नाही. पोरांना आधी बाहेर ढकलायचं. हे घरातल्या प्रत्येकाला एकदा कोरड्यात करून दाखवा.

डोंगरवाट

दादरकर, हे माहीत नव्हतं. आजच हातोडी घेतो.

विजेवरचा

इलेक्ट्रिक गाडीचा कुणी विचार केला का? हवा ओढायचं तोंडच नाही, म्हणजे नाना म्हणतात तो रॉड वाकायचा प्रश्नच मिटला. बॅटरी पॅकला आयपी ६७ असतं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास.

नाना_गॅरेजवाले

ते रेटिंग स्वच्छ पाण्यातल्या नव्या पॅकचं. गाळाचं पाणी, चार वर्षं जुन्या झालेल्या सील, खालून दगड लागलेला, हे धरून चाला. आणि पुरात महावितरण पहिली गोष्ट करतं ती म्हणजे लाइट बंद, आणि तेच बरोबर आहे, नाहीतर करंट लागून माणसं जातील. मग चार्ज कुठे करणार?

ह्यूस्टनची_मावशी

विषयाला धरूनच एक. इथे सप्टेंबर २००५ मध्ये रिटा वादळ यायच्या आधी सगळं शहर एकदम बाहेर निघालं. कत्रिना नुकतंच होऊन गेलं होतं त्यामुळे लोक घाबरलेले. हायवेवर तासन्‌तास गाड्या एका जागी, उकाडा, पेट्रोल संपलेलं, पंप रिकामे. वृद्धाश्रमातल्या माणसांना नेणाऱ्या एका बसला आग लागून २३ जण गेले. आमच्याकडे आता जून ते नोव्हेंबर टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही हा घरचा नियम आहे आणि रस्ता एक नाही तर तीन ठरवून ठेवायचे. गाडी साधी सेडान आहे आमची.

संगमाखालचा

मावशी, पेट्रोलचं अगदी बरोबर. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद, टँकर अडकले आणि कोल्हापुरात पेट्रोलसाठी माणसं बाटल्या घेऊन फिरत होती. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, तिथे तेव्हा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. २०२१ ला त्याच्याही वर. सांगलीत आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ आणि २०१९ ला पाणी ५७ च्या पुढे.

सगळ्यांचं वाचतोय. पण वडिलांचं काय करायचं आणि म्हशींचं काय करायचं हा माझा अर्धा प्रश्न अजून तसाच आहे.

चिखलीचा_पाटील

म्हशींचं मी सांगतो. एक म्हैस साडेचारशे-पाचशे किलो धरा, तुमच्या तीन झाल्या की दीड टन. कुठल्याही जीपमध्ये, थारमध्ये बसणार नाही हो दादा, हसू नका पण भावाला हे सांगा. माणसं गाव का सोडत नाहीत माहीत आहे का, जनावरांपायी. अधिकारी येऊन हात जोडतात, बाया म्हणतात म्हशी सोडून जात नाही, आणि त्या म्हणतात ते चूक पण नाही कारण घर दुधावर चालतं.

आमच्या चिखली-आंबेवाडीत आता रीत पडलीय. पाणी इशारा पातळीकडं चाललं की जनावरं आधी उंचावरच्या सोनतळीला, माणसं मागनं. म्हैस चालत जाते, टेम्पोची गरज लागत नाही, फक्त रस्ता कोरडा असताना निघायला पाहिजे. लांब न्यायचं असेल तर ४०७ टेम्पो चार घरांनी मिळून आधी सांगून ठेवा. फळ्या लावून उतार करायचा, तळाला वाळू नाहीतर भुसकाट पसरायचं, नाहीतर म्हैस घसरून बसते आणि बसलेली म्हैस उठवणं पाच माणसांचं काम. ज्यांना नेता येत नाही त्यांची दावी सोडायची. दाव्याला बांधलेलं जनावर जागेवर जातं, सुटं असलं तर पोहत कुठंतरी लागतं.

मुक्ताई

पाटील, हे वाचून काटा आला. दावं सोडायचं इतकं साधं आहे, पण घाईत राहून जातं.

संगमाखालचा

पाटील दादा, जयसिंगपूरला मेव्हण्यांचं गोठ्याचं शेड आहे, मोकळं असतं पावसाळ्यात. मग म्हशींचा प्रश्न गाडीचा राहतच नाही, तारखेचा राहतो.

फिजिओताई

वडिलांबद्दल. मी पॅरालिसिसचेच पेशंट बघते. थारच्या मागच्या सीटवर जायला पुढची सीट पाडून वाकून चढावं लागतं, तीन दारांच्या गाडीत तुमचे वडील चढणारच नाहीत, आणि उंच गाडीत पुढच्या सीटवर उचलून बसवताना तुमची कंबर जाईल. त्यांना आडवं किंवा अर्धवट आडवं नेता येईल अशी जागा हवी. आमच्याकडे येणारे बरेच जण इको व्हॅनमधून येतात, मागच्या सीट काढल्या की गादी बसते, मजला खाली असतो, सरकतं दार. गरीब माणसाची अँब्युलन्स आहे ती.

गादीवर प्लास्टिक, वर चादर. दुखऱ्या बाजूला उशी, खांद्याला धरून ओढू नका, चादरीसकट उचला. चार कोपरे चार माणसं. औषधं, रिपोर्ट, डायपर, लघवीची पिशवी असेल तर तिचं सुटं, हे सगळं एका बादलीत झाकण लावून तयार ठेवा जूनपासून. आणि महत्त्वाचं, अंथरुणावरच्या माणसाला सगळ्यात आधी हलवायचं, म्हशींच्याही आधी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, ‘आबांना शेवटी नेऊ, त्यांना त्रास नको’ म्हणतात आणि शेवटी होडीत उचलावं लागतं.

शिरोळचे_अण्णा

ताई लाख बोललात. होडीचं तर नावच काढू नका. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली ती आमच्या पलूसकडची गोष्ट, क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली होती. घाबरलेल्या माणसाला खाली उतर म्हणणं कुणाला जमत नाही. त्यापरीस होडीची वेळच येऊ द्यायची नाही.

रायगडवाला

पुलाबद्दल कुणीच बोललं नाही. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल रात्री गेला तेव्हा दोन एसटी आणि एक गाडी गेली. एसटीपेक्षा वजनदार काय चालवणार तुम्ही? अंधारात, पुराच्या पाण्यात, जुन्या पुलावर गाडी घालायची नाही. पलीकडे जायचं असेल तर दुपारी जा.

विम्यातला_माणूस

थोडं अवांतर पण पैशाचं आहे. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात पुराचं नुकसान बसतं, पण पाण्यात गाडी चालवून किंवा परत स्टार्ट करून इंजिन गेलं तर ते बहुतेक ठिकाणी नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि थर्ड पार्टीमध्ये तर काहीच नाही. माझ्या चुलत्यांचा क्लेम असाच गेला, बुडालेली गाडी स्टार्ट करून बघितली हे त्यांनी स्वतःच फॉर्मवर लिहिलं होतं. पाण्यात उभी असतानाचे फोटो काढा, हात लावू नका, आधी कंपनीला फोन.

भामरागडचा_मास्तर

आमच्याकडे पर्लकोटा नदी पुलावर आली की गाव तुटतं, पावसाळ्यात हे व्हायचंच. इतकी वर्षं नोकरी केल्यावर माझं मत असं की गाडी अशी घ्या जिचा फॅन बेल्ट आणि फिल्टर तालुक्याच्या दुकानात मिळतो आणि जी तुमच्या गावातल्या पोराला खोलता येते. बोलेरो म्हणूनच चालते इकडे. फार भारी गाडी आमच्या एका साहेबांकडे होती, एक सेन्सर गेला तर नागपूरहून माणूस यायची वाट.

नाना_गॅरेजवाले

मास्तरांनी माझ्या मनातलं लिहिलं. संगमाखालचा, आता तुमच्यापुरतं बोलतो.

तुम्हाला दोन दिवस मिळतात, कोरडा रस्ता मिळतो, म्हशी वेगळ्या जाणार. म्हणजे खोल पाण्यातनं जाणारी गाडी तुम्हाला लागत नाही. चिखल, तुटका रस्ता, ओझं, आडवा पेशंट, हे झेपणारी डिझेल गाडी लागते. बोलेरो कॅम्पर बघा. पुढे डबल केबिन, पाच माणसं. मागे हौद्यात टनाच्या आसपास वजन. हौद्यात गादी टाकून वर पक्का टप आणि ताडपत्री केलीत तर तुमचे आबा आडवे जातात, शेजारी एक माणूस बसतो. पुराच्या आधी धान्य आणि गॅस सिलिंडर न्यायला दुसरी फेरी, पूर गेल्यावर चारा आणायला तीच. फोर व्हील ड्राइव्हचीही येते, मिळाली तर घ्या, नाही मिळाली तर अडून बसू नका, चांगले टायर आणि एक टो दोरी जास्त कामाची. पासिंग मालवाहूचं असतं बहुतेक, हौद्यात माणूस नेण्यावरून अडवू शकतात, तेव्हा आरटीओत विचारून टप आणि सीटचं काय ते कागदावर करून घ्या.

फिजिओताई

नाना, हौद्याला स्प्रिंग कडक असतात, धक्के बसतील. जाड फोमची गादी आणि तळाला जुने टायरचे तुकडे किंवा रबर मॅट टाका. आणि शक्य असेल तर केबिनमध्ये मागच्या सीटवर आडवं न्या, टेकून, पाय लांब. आबांची उंची किती?

संगमाखालचा

पाच फूट तीन-चार इंच असेल ताई. मागच्या सीटवर आडवे मावतील, पाय थोडे दुमडून. म्हणजे आई पुढं, आबा मागं, पोरं आणि बायको हॅचबॅकमध्ये भावाबरोबर, सामान हौद्यात. हे जमतंय.

डोंगरवाट

मी माझा सल्ला मागे घेत नाही, डोंगरात थारच 😀 पण तुमच्या घराला कॅम्परच बरोबर. भावाला सांगा ओढ्यात घालायचा हट्ट माझ्यासोबत पूर्ण करू, उन्हाळ्यात.

संगमाखालचा

सांगलीत एक कॅम्पर सांगितलीय दलालाने, २०१८ ची, भाव फारच कमी सांगतोय. रविवारी बघायला जायचं म्हणतो.

नाना_गॅरेजवाले

थांबा! सांगली, २०१८ ची आणि भाव कमी. २०१९ च्या पाण्यात बुडालेली तर नाही ना ते आधी बघा. तेव्हा बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून बाहेरच्या जिल्ह्यात गेल्या आणि काही फिरून परत आल्यात.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, पूर्ण, गुंडाळी संपेपर्यंत. वरचा भाग सगळे धुतात, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटच्या खालच्या रुळांचा गंज बघा, बोट फिरवून. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून वायरिंगच्या कनेक्टरमध्ये पिवळा गाळ आहे का बघा. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ. काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा, एसी चालू करा, कुबट वास अत्तराखाली पण लपत नाही. डिफरन्शियलचं (मागच्या चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं) ऑइल थोडं काढून बघा. इन्शुरन्सचा जुना क्लेम विचारा, गाडी नंबरावरून कळतो. आणि एकटे जाऊ नका, मला फोन करा, मिरजेपर्यंत मी येतो.

संगमाखालचा

नाना, उपकार झाले. रविवारी सकाळी नऊला मिरज स्टेशनसमोर, जमेल का? भावाला पण आणतो. टॉर्च आणि जुनी चादर घेतो, खाली झोपून बघायला.

नाना_गॅरेजवाले

जमेल. साडेआठ करा, इंजिन थंड असताना पहिला स्टार्ट ऐकायचाय. दलालाला सांगा आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नको म्हणून.